टपरीवर फक्त सायकलबद्दलच बोलायचं का?

पेडलपुराण (पुणे)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो, लांबेल बहुतेक, सांभाळून घ्या.

आमचा रविवारचा ग्रुप आहे. पहाटे साडेपाचला निघतो, कधी खडकवासला-पानशेत, कधी बोपदेव घाटातून सासवड, पावसाळ्यात जुना कात्रज घाट. मागच्या रविवारी खानापूरच्या टपरीवर चहाला थांबलो तर आमच्या लीडने (राईड ठरवणारा, ग्रुप सांभाळणारा) सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं की आजपासून राईडवर, टपरीवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त सायकलबद्दल बोलायचं. राजकारण नको, धर्म नको, इथपर्यंत मी मान डोलावली. पण पुढे यादी वाढतच गेली, मुलांच्या अ‍ॅडमिशन नको, ऑफिसचं रडगाणं नको, घरचे आजार नकोत, "आपण इथे सायकल चालवायला येतो, बाकीचं घरी ठेवून या."

कारण मला माहितीये. महिन्याभरापूर्वी दोघांचं निवडणुकीवरून ग्रुपवर कडाक्याचं वाजलं, त्यातला एकजण ग्रुप सोडून गेला आणि राईडलाही यायचा बंद झाला. वाईट झालं ते. पण त्यावर हा उपाय?

आमच्यात एक काका आहेत, ६८ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. जुनी स्टीलची सायकल चालवतात आणि कुणाच्याही चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, नुसत्या बोटाने तारा वाजवून काढतात, म्हणजे अक्षरशः एकेक तार छेडत जातात, जी ढिली असेल तिचा आवाज बसका येतो, मग निपलला (तारेच्या टोकाच्या छोट्या नटाला) पाव फेरा आणि परत तार छेडून बघायची. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, ते दर रविवारी त्याबद्दल थोडं बोलायचे, डॉक्टर काय म्हणाले, घरात कमोडला दांडी बसवली, वगैरे. परवा लीडचं बोलून झालं आणि काका हातातला चहाचा ग्लास नुसताच गोल गोल फिरवत बसले, चहा गार झाला. नंतर परतीच्या वाटेवर एकटेच पुढे निघून गेले, डोणजे फाट्याला पण थांबले नाहीत.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. माझं म्हणणं असं की सायकल हे निमित्त आहे, माणसं बोलायला येतात, आणि बोलू दिलं नाही तर यायची थांबतील. तुमच्या ग्रुपमध्ये काय करता? मोकळेपणाने लिहा.

----

चेनब्रेक

धागा वाचला. मी पण एक ग्रुप सांभाळतो (तुमचा नाही), त्यामुळे दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका.

१४० लोक आहेत ग्रुपवर. रात्री साडेअकराला कुणीतरी एक फॉरवर्ड टाकतो, बाराला त्याला उत्तर येतं, साडेबाराला तिसरा उठतो आणि कुणाची तरी जात काढतो, आणि सकाळी मला दोन्हीकडून फोन. दोघंही म्हणणार तुम्ही त्याला का नाही थांबवलं. मी इंजिनियर आहे हो, मला हे शिकवलेलं नाही कुणी.

आणि खरं नुकसान वेगळंच. गेल्या पावसाळ्यात घाटात दरड पडली म्हणून मी रात्री दहाला रूट बदलल्याचा मेसेज टाकला, वर जमायची जागा पण बदलली. त्याच रात्री ग्रुपवर कुठल्यातरी व्हिडिओवरून ८०-९० मेसेज पडले. माझा मेसेज वाहून गेला. दोघं जण, त्यातला एक कॉलेजचा पोरगा, सकाळी पावणेसहाला अंधारात पावसात जुन्या जागी उभे राहिले पाऊण तास. त्या पोराची आई मला फोनवर जे बोलली ते मी विसरू शकत नाही आणि ती बरोबरच होती.

म्हणून तुमच्या लीडने जे केलं ते मला कळतं. काकांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण रेघ कुठे मारायची ते तुम्ही सांगा.

----

मीरा_घाटवाट

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहिते कारण "फक्त सायकलबद्दल" या दोन शब्दांचा माझा स्वतःचा अनुभव आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एका ग्रुपमध्ये होते, नाव लिहीत नाही. एकदा पहाटे बोपदेव घाट एकटी चढत होते. उजाडायचं होतं, पुढचा दिवा लावलेला. मागून बाईकवर दोघं आले, वेग कमी करून माझ्या बरोबरीने चालवायला लागले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. घाटात चढावर सायकलचा वेग असतो किती, ताशी ८ किलोमीटर, पळून कुठे जाणार? साधारण दोन वळणं ते बरोबर होते, मग वरून एक टेम्पो आला तेव्हा पुढे गेले. मी पुढे गेलेच नाही, तिथूनच उतरले, खाली आल्यावर हात इतके कापत होते की ब्रेक दाबून ठेवलेले सुटेनात.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं. बाईकचा रंग, वेळ, कुठलं वळण, सगळं. अर्ध्या तासात पोस्ट काढली गेली. कारण दिलं की हा विषय सायकलिंगचा नाही, निगेटिव्हिटी पसरते, आणि नवीन मुली यायला घाबरतील.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने मला पर्सनलवर मेसेज केला. तिने पोस्ट काढायच्या आधी वाचली होती. म्हणाली ताई, तेच वळण, तीच बाईक, माझ्याबरोबर आधीच्याच आठवड्यात झालं, पण मला वाटलं ग्रुपवर बोलायचा हा विषय नाही म्हणून मी गप्प बसले.

विचार करा. ती बोलली असती तर मी त्या दिवशी एकटी गेलेच नसते. माझी पोस्ट राहिली असती तर तिसरी कुणी गेली नसती. आम्ही दोघी मिळून मग पोलिस चौकीत जाऊन आलो, आणि आता आम्ही तिघी-चौघी मिळूनच त्या रस्त्याला जातो, आमचा वेगळा छोटा ग्रुप आहे, तिथे वाट्टेल त्या विषयावर बोलतो.

चेनब्रेक, तुमची अडचण समजते. पण घाटात एकट्या बाईला जे होतं ते सायकलिंग आहे की नाही हे ठरवणारे त्या ग्रुपमध्ये सगळे पुरुष होते.

----

चेनब्रेक

मीरा ताई, वाचून सुन्न झालो. तुमची पोस्ट माझ्या ग्रुपवर असती तर मी काढली नसती असं आत्ता म्हणतोय, पण प्रामाणिकपणे सांगतो, "विषयाला धरून" एवढाच नियम डोळ्यासमोर असता आणि मी घाईत असतो तर काय केलं असतं माहीत नाही. विचार करतो.

----

रात्रपाळी_नाशिक

गप्पांचं महत्त्व बघायचं तर बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला या. नवीन लोकांसाठी सांगतो, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. शर्यत नाही, वेळेत पूर्ण करायचं एवढंच, आणि कंट्रोल (वाटेतले तपासणीचे थांबे) सोडून मध्ये कुठे गाडीतून मदत घेता येत नाही. म्हणजे रात्री दोन वाजता हायवेवर तुम्ही, दिवा, आणि नशिबात असेल तर सोबतीला एखादा अनोळखी माणूस.

माझी पहिली ६०० ची राईड. मालेगाव सोडून नाशिककडे परत येत होतो, चांदवड अजून लांब होतं, समोरून वारा. पहाटेचे तीन. मला झोप नाही, त्याच्या पुढचं काहीतरी होत होतं, रस्त्याची पांढरी पट्टी हलल्यासारखी दिसायला लागली. मागून एकजण येऊन गाठला, जळगावकडचा. त्याने विचारलं कसं चाललंय, मी काहीतरी उत्तर दिलं, ते त्याला कळलंच नाही इतकी जीभ जड झालेली. त्याने लगेच मला एका बंद धाब्याच्या ओट्यावर बसवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, वीस मिनिटं गजर लावून झोपवलं. आणि उठल्यावर पुढचे दोन तास तो माणूस माझ्याशी भरिताबद्दल बोलत होता.

हो, वांग्याचं भरीत. वांगं कुठलं घ्यायचं, पऱ्हाट्यांवरच (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) का भाजायचं, मिरची-लसूण ठेचून घालायचा पण तिखट पावडर अजिबात नाही, कांद्याची पात शेवटी, शेंगदाणे तेलात तळून. मध्येच थांबून विचारायचा, आता सांग, पात कधी घालायची? मी चुकीचं सांगितलं की म्हणायचा पाणी पी. बोलणं तुटलं की माणूस पेंगतोय हे त्याला पक्कं माहीत होतं. तो त्या रात्री माझ्याशी गिअर रेशोबद्दल बोलला असता तर मी नक्की झोपलो असतो आणि कदाचित ट्रकखाली गेलो असतो.

आम्ही दोघांनी वेळेत पूर्ण केली. दर हिवाळ्यात त्याच्याकडून वांगी येतात माझ्या घरी.

----

नाडीचे_ठोके

मी काही वर्षं नवीन लोकांना सायकलिंग शिकवतोय, एक शास्त्राचा मुद्दा टाकतो. सहनशक्ती वाढवायची असेल तर बराचसा सराव कमी जोराचा हवा, ज्याला लोक झोन टू म्हणतात. तो ओळखायची साधी परीक्षा म्हणजे टॉक टेस्ट. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय तर तुम्ही बरोबर जोरावर आहात, तीन-चार शब्दांवर दम लागतोय तर जास्त जोर लावताय. हार्टरेट मॉनिटर नसलेल्याला मी हेच सांगतो, शेजारच्याशी गप्पा मार. त्यामुळे गप्पा बंद केल्या की लोक नकळत एकमेकांशी शर्यत लावतात, हे मी स्वतः पाहिलंय, आणि मग गुडघे दुखवून घेतात.

पण कुठे बोलायचं नाही हे पण ठरवा. उतारावर गप्प. ट्रॅफिकमध्ये एकामागे एक, आणि तोंडातून फक्त "खड्डा", "मागून गाडी", "थांबतोय" एवढंच. गप्पांच्या नादात पुढच्याच्या मागच्या चाकाला स्वतःचं पुढचं चाक घासलं की पडतो तो मागचाच. याबाबतीत मी कडक आहे आणि राहणार.

----

नवा_सॅडल

मला पण सांगायचंय. मी सहा महिन्यांपूर्वी सायकल घेतली. पहिल्या महिन्यात जांघेत इतकं सोलवटलं की चालता येईना. कुणाला विचारणार? ग्रुपवर सगळे टायर प्रेशर, कार्बन, वॉट असलं बोलायचे, तिथे हा प्रश्न टाकायची हिंमतच झाली नाही. सायकल विकायचं ठरवलं होतं.

मग एकदा पोहे खाताना एक दादा स्वतःच्या पहिल्या वर्षाबद्दल सहज बोलत होते, त्यात म्हणाले की पॅड असलेल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, ते त्वचेला थेटच लागायला हवं, आतल्या कपड्याच्या शिवणीनेच सोलवटतं. मी इतके दिवस आत घालत होतो!! पुढच्या आठवड्यापासून त्रास बंद. आता १०० किलोमीटर करतो.

एवढंच सांगायचं होतं की हे मी कधीच प्रश्न म्हणून विचारलं नसतं.

----

कालव्याकाठी (आइंडहोवन, नेदरलँड्स)

मीरा यांची पोस्ट वाचून इथली गोष्ट सांगावीशी वाटली. मी मूळची सांगलीची, इथे येऊन अकरा वर्षं झाली. इथले सायकल ट्रॅक बघून भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, यांचं बरं आहे, पहिल्यापासून सायकलवेडे लोक. पहिल्यापासून वगैरे काही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही गाड्या वाढल्या, सायकलला जागा उरली नाही. १९७१ या एका वर्षात या एवढ्याशा देशात ३ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यात ४०० हून जास्त लहान मुलं.

त्यातली एक मुलगी शाळेत सायकलने जाताना गेली. तिचे वडील व्हिक लांगेनहॉफ पत्रकार होते. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता "मुलांच्या हत्या थांबवा". त्याच नावाने आंदोलन उभं राहिलं, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यात बसले, रस्ते बंद करून तिथे मुलांना खेळवलं. १९७३ चं तेलसंकट आलं आणि सरकारलाही ऐकावं लागलं. आज मी ज्या लाल ट्रॅकवर लेकीला मागे बसवून शाळेत सोडते तो अशा बोलण्यातून आलाय. घरचं दुःख घरी ठेवा असं त्या बापाला कुणी सांगितलं असतं आणि त्याने ऐकलं असतं तर?

अजून एक छोटी गोष्ट. इथे दोन सायकली शेजारी शेजारी चालवायला कायद्याने परवानगी आहे. त्यामुळे रस्त्यावर सगळीकडे जोड्या दिसतात, आजी-आजोबा, शाळेतल्या मुली, आणि सगळे अखंड बोलत असतात. ट्रॅकची रुंदी बघितली की कळतं, हे लोक बोलत जाणार हे आखणाऱ्याने धरलेलंच आहे.

----

जुनी_रॅले

राजकारण नको म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. टूर द फ्रान्स सगळे बघता ना जुलैमध्ये? ती राजकारणावरच्या भांडणातून जन्माला आली.

फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर खोटा देशद्रोहाचा आरोप ठेवला होता, त्यावरून सगळा देश दुभंगलेला. तेव्हा सायकलिंगचं मोठं वर्तमानपत्र होतं ल वेलो, हिरव्या कागदावर छापायचे. संपादक पिएर जिफार, ज्यांनी १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत सुरू केली तेच. ते ड्रायफसच्या बाजूने उघड लिहायचे. मोटारी बनवणारे काउंट द दिऑं विरुद्ध बाजूचे, त्यांनी आणि इतर कारखानदारांनी जाहिराती काढून घेतल्या आणि १९०० मध्ये स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, पिवळ्या कागदावर, तेच पुढे लोटो. ते काही चालेना. नोव्हेंबर १९०२ मध्ये पॅरिसमध्ये दुपारच्या जेवणाला या नव्या वर्तमानपत्राचे संपादक हेन्री देग्रांज आणि त्यांचा तरुण बातमीदार जेओ लफेव्हर बसले होते, आणि जेवताना त्या पोराने सुचवलं की संपूर्ण फ्रान्सला फेरी मारणारी शर्यत घेऊ. १ जुलै १९०३ ला ६० जण निघाले, २,४२८ किलोमीटर, सहा टप्पे, २१ जणांनी पूर्ण केली. नंतर १९१९ पासून पुढे असणाऱ्याला पिवळी जर्सी आली, त्या कागदाच्या रंगावरून असं म्हणतात.

म्हणजे एका संपादकाने जे पटलं ते लिहिलं, त्याचे जाहिरातदार गेले, आणि दुसरीकडे जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून टूर निघाली. जिफारचं वर्तमानपत्र पुढे १९०४ मध्ये बंद पडलं, त्याने किंमत मोजली. पण ज्या बाजूने तो उभा राहिला ती खरी ठरली, १९०६ मध्ये ड्रायफस निर्दोष सुटला. मला जिफार फार आवडतो.

आणि आपल्याकडे रस्त्यातले खड्डे, फुटपाथवर संपणारे सायकल ट्रॅक, हे राजकारण नाही तर काय आहे? नगरसेवकाचं नाव न घेता खड्ड्याबद्दल कसं बोलायचं ते मला शिकवा.

----

चेनब्रेक

सगळं वाचलं, काल रात्री बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली तुमचा प्रॉब्लेम विषयाचा नाहीये, सूचना आणि गप्पा एकाच डब्यात ठेवल्याचा आहे. बरोबर आहे तिचं.

आजच दोन भाग केले. एक सूचनांचा ग्रुप, तिथे फक्त तिघं लिहू शकतात, वेळ, जागा, रूट, हवामान. दुसरा गप्पांचा, तिथे विषयाला बंदी नाही. नियम दोनच, समोरच्या माणसाची जात-धर्म-बाईपण काढायचं नाही, आणि दुसरीकडून आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलायचं नाही, जे म्हणायचं ते स्वतःच्या शब्दात टाइप करा. पोस्ट काढायची वेळ आली तर एकट्याने नाही, आम्ही तिघं मिळून ठरवणार आणि त्यात दोन बायका आहेत, आणि ज्याची काढली त्याला आधी फोन.

निवडणुकीचं मात्र मला अजून अवघड वाटतं. खड्ड्यावर बोला, खुशाल बोला, पण पक्षांवरून दोन मित्र तुटताना मी पाहिलेत. जुनी_रॅले काका, तुमचं पटतं पण सांभाळायला मी आहे.

----

जुनी_रॅले

चेनब्रेक, तुझी काळजी खरी आहे. माझं एवढंच म्हणणं, भांडण झालं तर त्या दोघांना एका टपरीवर समोरासमोर बसवा. फोनवर जे लिहितो ते माणूस तोंडावर बोलत नाही. जमलं नाही तर नाही जमलं, पण बाकीच्या १३८ लोकांची तोंडं बंद करू नकोस.

----

मीरा_घाटवाट

"ज्याची काढली त्याला आधी फोन" हे फार चांगलं केलंत. मला तेव्हा एक फोन आला असता तरी चाललं असतं.

----

पेडलपुराण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

शनिवारी संध्याकाळी मी आमच्या लीडकडे गेलो, ग्रुपवर काही लिहिलं नाही, घरीच गेलो. हा धागा त्यांना वाचायला दिला. ते बराच वेळ वाचत होते, मीराच्या पोस्टशी आल्यावर चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, तो जो ग्रुप सोडून गेला ना, तो माझा शाळेपासूनचा मित्र आहे, मला परत तसं काही नको होतं एवढंच. हे त्यांनी आम्हाला आधी कधी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही दोघं मिळून त्या मित्राकडे जाणार आहोत. येईल की नाही माहीत नाही.

काल रविवारी खानापूरला परत तीच टपरी. काका आले होते पण गप्पच होते. लीड स्वतः चहाचे दोन ग्लास घेऊन त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसले आणि विचारलं, काका, काकूंचं ऑपरेशन कधी आहे? काकांनी एकदम काही सांगितलं नाही. आधी लीडच्या सायकलकडे बघून म्हणाले, तुझ्या मागच्या चाकाला आऊट आलाय, येतानाच दिसला मला. सायकल उलटी केली, तारा छेडायला लागले, आणि चाकावरची नजर न काढता म्हणाले, येत्या गुरुवारी आहे, सकाळी आठला, मुलगा बंगलोरहून येतोय पण त्याची फ्लाईट दुपारची आहे.

तिथल्या तिथे ठरलं. गुरुवारी सकाळी सात ते दुपारी मुलगा येईपर्यंत आम्ही तिघं हॉस्पिटलमध्ये काकांबरोबर थांबतोय. डबा मी नेतोय.

पुढच्या रविवारी बोपदेवमार्गे सासवड, पावणेसहाला निघू, पुढचे-मागचे दिवे सगळ्यांनी आणा. मीरा ताई, तुम्ही तिघी-चौघी येणार असाल तर कळवा, घाटाच्या पायथ्याशी थांबतो.